मुलाणींच्या केसचा वाढदिवस

हवालदार सतीशनं फ्लेक्स दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आधी टोपी काढून डोकं पुसलं.

‘आमची लाडकी कोर्टकेस हिला अठराव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! बाळा, आता तू मतदान करू शकतेस.’ वरच्या कोपऱ्यात, जिथं नेत्यांचे फोटो असतात तिथं, केस दाखल करणारे सिद्दीकमामांचे मरहूम वडील आणि त्यांचे कैलासवासी वकील. खाली शुभेच्छुकांत स्वतः वादी सिद्दीक मुलाणी. त्यांच्या शेजारी गॉगल लावून मोबाइलवर बोलणारा प्रतिवादी मारुतराव.

“मामा, हे जजसाहेबांच्या बंगल्याचं गेट हाय,” सतीश म्हणाला. “शंभर मीटरच्या आत निदर्शनं बंद. ऑर्डर हाय. त्या कवठे येमाईच्या नवनाथनं आपली केस रखडली म्हणून हितं हलगी बडवली, साहेबाच्या नावानं बोंब मारली, उचलला की नाय त्याला? त्याच्यापायीच तर ऑर्डर निघाली.”

“निदर्शनं कुठं हायेत?” सिद्दीकमामांनी रस्त्यावर मांडलेल्या स्टुलाकडं बोट दाखवलं. त्यावर केक होता. “वाढदिवस हाय. शिरूरात वाढदिवसाला बंदी घातली तर गावात फ्लेक्स उरंल का एखादा?”

सतीशला हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच घाम फुटला.

मामांचं मागणं साधं होतं. मांडवगण फराट्याला त्यांचा झेंडूचा मळा होता आणि मळ्याची वाट मारुतरावाच्या बांधावरून जात होती. मारुतरावानं ती नांगरून टाकली. तेव्हापासून फुलांचे क्रेट डोक्यावरून डांबरीपर्यंत न्यायचे. टेम्पो भरेपर्यंत ऊन चढायचं आणि झेंडू मार्केटात पोचायचा तो म्हाताऱ्याचं तोंड घेऊन. दसरा आला होता. केस ‘निकालासाठी’ ठेवलेली होती. ती तीन वर्षं निकालासाठीच ठेवलेली होती. उद्या, सोमवारी, पुन्हा तारीख होती.

मारुतराव मात्र नवी टोपी घालून सगळ्यांच्या आधी हजर झाला होता. फ्लेक्सवर फोटो येतोय म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस आपल्याकडं अजून जन्मायचाय.

“माझा फोटो बारीक केलाय,” तो म्हणाला.

“तुम्ही प्रतिवादी हाय, काका,” मामांची लेक लुबना म्हणाली. फ्लेक्सचं दुकान तिचंच. “निकाल तुमच्या बाजूनं लागला की मोठा करू.”

एवढ्यात गेट उघडलं. जजसाहेब लेंगा-बनियनवर, हातात झाडांना पाणी घालायची झारी. सतीशनं कडक सलाम ठोकला. साहेबांनी फ्लेक्स वाचला. मतदानाच्या ओळीवर ते जरा थांबले. त्यांचे ओठ हलले, ते हसण्यासाठी की कलम आठवण्यासाठी, हे कुणाला कळलं नाही.

“घोषणा दिल्या का यांनी?” त्यांनी विचारलं.

“न्हाई साहेब.”

“रस्ता अडवला?”

“स्टुलानं थोडा.”

“मग राहू द्या. केस अठरा वर्षांची झाली हे खरं आहे, आणि खरं बोलायला बंदी नसते.” साहेबांना विषय आवडीचा होता. त्यांनी झारी खाली ठेवली. “आपल्या घटनेनं प्रत्येक नागरिकाला जे अभिव्यक्तीचं स्वा—”

मामांचं काळीज भरून आलं. इतक्या वर्षांत कोर्टातलं कुणी पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोलत होतं. आणि आपल्याकडं केक कापला की पहिला घास हजर असलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडात जातो. विचारून नाही, थेट. साहेबांचं तोंड उघडंच होतं.

‘तंत्र्य’ केकमागं राहिलं.

लुबनानं फोटो काढला. मागं मारुतराव टाळ्या वाजवताना स्पष्ट दिसत होता. मामांनी तो लगेच स्टेटसला टाकला.

सोमवारी कोर्ट भरलं. मारुतरावाच्या वकिलानं तोच फोटो छापून अर्जाला जोडला होता. साहेबांनी अर्ज वाचला, फोटो पाहिला आणि समोरची टाईप केलेली जाडजूड पानं हळूच पालथी घातली.

“निकाल आज द्यायचा होता,” ते म्हणाले. “तयारही आहे. पण एका पक्षाच्या हातचं मी खाल्लंय. आता ही केस मला चालवता येणार नाही. वरिष्ठांकडं पाठवतो. ते दुसऱ्या कोर्टाकडं देतील. बहुतेक दौंडला.”

“साहेब, तुम्ही कुठं खाल्ला? मीच कोंबला!” मामा कळवळून म्हणाले.

“कोंबलात तुम्ही,” साहेब म्हणाले. “पण गिळला मी.”

मामा बाहेर आले. मागून मारुतराव आला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता, पण दौंडचं भाडं आठवल्यावर तोही ओसरला. व्हरांड्यात एक माणूस दिसेल त्याला पेढा देत सुटला होता. तो कवठे येमाईचा नवनाथ होता.

“घ्या मामा! निकाल लागला. साहेबांनी माझ्या बाजूनं दिला.”

“तुझ्या?” मामांचा हात पेढ्याजवळ जाऊन थांबला. “तू तर साहेबाच्या दारात त्यांच्याच नावानं बोंबललास.”

“व्हय की. दंडबी भरला. पण साहेब म्हणले, दंड वेगळा आन् केस वेगळी. तुझ्या बोंबलण्यानं माझं मन काय फिरत न्हाई.”

मामांनी पेढा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. दौंडच्या बाजूला बघत त्यांनी लुबनाला फोन लावला.

“एकोणिसाव्याचा फ्लेक्स तयार ठेव,” ते म्हणाले. “पण पुढच्या बारीला केक नको. हलगी सांग.”