बायकोचा पहिलाच लेख

संपादक, तुम्ही उघडउघड पक्षपात करता. रद्दीतली पुस्तकं वाचून मी लिहायला शिकलो. तुमच्या विवेकवादी वेबसाइटचं ‘कुणीही लिहा, फक्त बेधडक प्रश्न विचारा’ हे आवाहन बायकोला मीच वाचून दाखवलं. भुताखेतांचं थोतांड उघडं पाडणारे माझे सगळे लेख तुम्ही परत पाठवलेत आणि तिचा पहिलाच छापलात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुला बुवाबाजीतलं काय कळतं गं?”

“काही नाही. मी तुमच्यावर लिहिलं.”

“माझ्यावर?”

“हो. घरात देव नाही, पण तुमच्या शब्दापुढे कुणी बोलायचं नाही, असं.”

“आत्ताच्या आत्ता काढून टाकायला सांग त्यांना!”

“का?”

संपादक, ती अजून समोर उभी आहे. काय सांगू तिला, बोला!