थोमाच्या सणाला

चर्चमध्ये उपासना चालू असतानाच सलोमीने सासूबाईंच्या मांडीवरून बाळाला जवळजवळ ओढून घेतलं आणि त्याचे ओठ हुंगले. दोन दिवस पोर अंगावर प्यायला तयार नव्हतं. आणि आज सकाळी मधाच्या बरणीशेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंचं बोट तिने त्याच्या तोंडात पाहिलं होतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, असं डॉक्टरांनी चारदा बजावलं होतं.

"आई, खरं सांगा. मध चाटवलात ना?"

"देवाच्या घरात बसून खोटं बोलेन का गं?" त्या कुजबुजल्या, पण हसू काही त्यांना लपवता येईना. ते हसूच सलोमीला खुपलं.

वेदीवर संत थोमाच्या सणाचं लाल कापड होतं. वधस्तंभावर मेलेला प्रभू पुन्हा उठला हे सगळ्यांनी सांगूनही थोमा कसा अडून बसला, त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, ते पाळकसाहेब रंगवून सांगत होते.

सलोमीला राहवेना. तिने रुमालाने दोनदा बोट पुसलं आणि बाळाच्या तोंडात घातलं. चिकट काहीच लागलं नाही. खालच्या हिरडीवर मात्र तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.

"दात!" ती ओरडलीच. पाळकसाहेब थांबले.

"मला सकाळीच लागला," सासूबाई म्हणाल्या. "पण पहिला दात आईला सापडावा, म्हणून गप्प बसले. आणि सांगितलं असतं, तरी बोट घातल्याशिवाय तू थोडीच मानणार होतीस?"