येळवशीचा निरोप

टेम्पो बांधाला लागला आणि सालगडी मुंजाजीने चाकाची खुर्ची खाली उतरवली. खुर्चीत नऊ वर्षांची रुद्राणी होती. छातीला पट्टा, कमरेला पट्टा, गळ्यात श्वासाची नळी. समोर छातीएवढी ज्वारी आणि तिच्या पलीकडे पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, छोटी खोपीच. कोपीपाशी आंबिलीचं मडकं घेऊन उभे असलेले सांबप्पा नातीची खुर्ची बघून जागच्या जागी थांबले. ते पूजेच्या तयारीला पहाटेच शेतात आले होते. ती येणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रुद्राणीच्या आईने, वैजयंतीने, मुद्दामच सांगितलं नव्हतं. लेकीला शेतात न्यायचं का, हे विचारून विचारून तिची सात वर्षं गेली होती. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. यांच्या घरातलं एक माणूस तेवढं मागे राहायचं. रुद्राणीपाशी आजी गौराबाई थांबायच्या.

या घरात सून सासऱ्यांशी तोंडातोंडी बोलत नाही. हातात मोबाईल आले, दारात टेम्पो आला, ही रीत काही हलली नाही. निरोप सासूच्या तोंडून जातो आणि सासूच्याच तोंडून येतो. नवरा महांतेश पुण्याला नोकरीला. त्याला या सणाची सुट्टी नसे. दर वर्षी निरोप एकच यायचा. "ते नगं म्हनतेत. चार पाव्हन्यांत बरं दिसत न्हाई." वैजयंती राग गिळायची आणि डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन निघायची.

भावकीत गौराबाईंचं नाव निघे ते कौतुकानेच. सात वर्षं त्यांनी नातीपायी शेतातली भाज्या-डाळींची गरम भज्जी चाखली नव्हती. कुणी तसं म्हटलं की त्या गुडघ्यांवर हात ठेवायच्या, आता चालवत नाही असं दाखवत. एरवी वैजयंती लेकीला कुणाच्या हाती देत नसे. कफ ओढायचं मशीन तीच धरायची, पोटातल्या नळीतून दूध तीच सोडायची. येळवशीला मात्र इलाज नसे. त्या एका दिवसापुरतं तिने सासूला सगळं शिकवलं होतं.

यंदा तिने विचारलंच नाही. मशीन चार्ज केलं, जादा नळ्या घेतल्या, खुर्ची उचलायला दोर घेतला. गौराबाईंनी वारा सांगून पाहिला, धूळ सांगून पाहिली. मग मशीन मांडीवर घेऊन त्या स्वतःच टेम्पोत बसल्या.

मुंजाजी खुर्चीला दोर बांधू लागला. सासऱ्यांनी चारचौघांत परत जा म्हटलं, तर या शेतात पुन्हा पाय ठेवायचा नाही, हे वैजयंतीने ठरवूनच टाकलं होतं.

सांबप्पांनी मडकं खाली ठेवलं आणि तिथूनच ओरडले, "दोर कशाला? वाटंनं आना तिला!"

ती वाट वैजयंतीच्या पायाखालची होती. पाटी घेऊन ती दर वर्षी तिच्यावरूनच जायची. बैलगाडीला अरुंद आणि माणसाला उगाच रुंद अशी ती ज्वारीतली पट्टी, चालून चालून घट्ट झालेली. तिने खुर्ची त्या वाटेवर घातली. दोन्ही चाकं ज्वारीला न घासता आत गेली आणि कणसं रुद्राणीच्या डोक्यावर आली. पोरीने डोळे वर केले ते कोप येईपर्यंत खाली घेतले नाहीत.

सांबप्पा समोर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट सुनेशी बोलले.

"खुर्ची आली त्या साली सुतळीनं मापली व्हती. दोन वळी रिकाम्या सोडून पेरायला लावतो दरसाली. खुर्ची बदलली तवा आनिक येक सोडली. पन तुमीच नगं म्हनायच्या."

"मी?" वैजयंतीचा पदर डोक्यावरून घसरला. "मामा, नगं तर तुमी म्हनायचा. बरं दिसत न्हाई म्हनून."

दोघंही वळले. गौराबाई खुर्चीपाशी बसून रुद्राणीची नळी साफ करत होत्या. हात सराईत चालत होता. काम पुरं झालं, मशीन बंद झालं, तरी त्यांनी मान वर केली नाही. नातीचं तोंड पदराने पुसलं आणि त्या हळूच म्हणाल्या,

"वर्सातून येकच दिस तुमी समदे शेतात जायचे. तेवढाच येक दिस ती माझी असायची."