हातासरशी

हाताला जरा घाम आला, की तो गिटारच्या दांडीवरच्या चकचकीत लॅकरला चिकटायचा आणि सुनेचं वाजवणं मध्येच अडखळायचं. संध्याकाळी तर तिचा कार्यक्रम होता. उभा जन्म फर्निचरला पॉलिश करण्यात गेलेल्या सासऱ्यांनी चष्मा चढवला, बारीक पॉलिश पेपर घेतला आणि तासाभरात दांडीची सगळी चकाकी अलगद उतरवली. सुनेचा हात वरपासून खालपर्यंत सरसर फिरला.

"बाबा, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणत ती खुशीत चहा टाकायला गेली. कप घेऊन परतली, तेव्हा सासरे ब्रश पुसत बसले होते.

"घरचं काम म्हणून अर्धवट सोडतो होय? हातासरशी लॅकरचे दोन हात मारून टाकले, बघ कशी चकाकतेय."