मागचं दार

शकूर दर महिन्याला कशेळ्याच्या बाजारातून रहस्यकथांचा अंक आणायचा आणि दुपारी दुकान मिटलं की बायकोला, बिलकिसला, वाचून दाखवायचा. खुनी तो निम्म्यातच ओळखायचा. त्याच अंकात पुरुषाच्या नावानं आपण लिहितो, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. असलं डोकं बाईमाणसाला नसतं, असं तोच म्हणायचा. आज तिचीच कथा निघाली. तांदूळ निवडत ती ऐकत होती. “मालकाला दिवाणजीनंच मारलंय,” शकूर म्हणाला. ती गालात हसली. पुढं खुनी मागच्या दारानं आला. दार करकरू नये म्हणून त्यानं खालची फळी टाचेनं दाबली, कडी उचलली… शकूर थांबला. त्यानं आपल्या मागच्या दाराकडं पाहिलं. तेही तसंच उघडावं लागायचं. बिलकिसची बोटं तांदळातच राहिली. तिच्याकडं बराच वेळ बघून त्यानं पान उलटलं. “खुनी कोण ते सांगू नको हां.”