ट्यूबचा रंग

ट्यूब पेटली, पण समोरच्या भिंतीवर लाल ठिपका काही पडला नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली ही हीलियम-निऑन लेसरची ट्यूब त्यांच्या लेकीच्याच वयाची. बाबा टेबलावर ओणवे झाले. आतल्या गॅसचा रंग बघून दुखणं सांगायचं, ही त्यांची जन्मभराची ख्याती. मीटर वगैरे नंतर, आणि तेही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

"नारिंगी आहे ना?" त्यांनी विचारलं.

लेकीला स्वच्छ दिसत होतं, रंग जांभळा होता. जांभळा म्हणजे आत हवा शिरली, ट्यूब कामातून गेली. पण बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता आणि हल्ली त्यांना सगळंच पिवळट दिसे. सांगायचं कसं? रंगच कळत नाही म्हटल्यावर हा माणूस उद्या दुकानात येऊन करणार काय?

"नारिंगीच, बाबा."

"मग गॅस ठणठणीत आहे. आरसा सरकला असणार."

लाकडी काडीनं त्यांनी टोकाचा आरसा हलकेच दाबून पाहिला. ठिपका एकदा तरी चमकेल तर शपथ. दुसरं टोक दाबलं, तीच गत. करंटही स्थिर होता. मग विजेरी आणि भिंग घेऊन ते ट्यूबच्या आतला डाग न्याहाळू लागले. चुकार हवा शोषून घेणारा हा डाग चांगल्या ट्यूबमध्ये आरशासारखा चकाकतो. इथे तो चुना फासल्यासारखा पांढराफटक पडला होता.

बाबा स्टुलावर बसले. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.

"हवा शिरली आहे. म्हणजे रंग नारिंगी असूच शकत नाही. इथे बिघाड दोन आहेत, पोरी. एक माझ्या डोळ्यांत, दुसरा तुझ्या जिभेत."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मागच्या ट्यूब मी बरोबर ओळखल्या होत्या?"

"बऱ्याचशा."

"आणि बाकीच्या?"

"तुम्ही घरी गेल्यावर मी पुन्हा बघायचे."

बाबांचा चेहरा उतरला. आता हे उठून जाणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी स्टूल जरासं बाजूला घेतलं, तिला पुढे जागा करून दिली आणि डोळे मिटले.

"सांग आता. नुसतं जांभळा म्हणू नकोस. कसा जांभळा?"

ती वाकली. "फिका आहे. मधल्या बारीक नळीत गुलाबीकडे झुकलेला. बाहेर जरा निळसर."

"थरथरतोय?"

"अजिबात नाही."

"मग थोडीच शिरली. काचेला चीर असती तर ट्यूब पेटलीच नसती. आरसा चिकटवलाय ना, त्या सांध्यातून झिरपली. वर्षानुवर्षं, हळूहळू." त्यांनी डोळे उघडले. "हे तुला एकटीला कळलं असतं?"

"नसतं," ती म्हणाली. आणि हे मात्र खरं होतं.