तीनदा विंडोज

निमकरकाका कॉम्प्युटर उचलून जिन्याने माझ्या दुकानात आले आणि छाती चोळत स्टुलावर बसले.

"सारखा बंद पडतो गं. तीनदा विंडोज टाकून घेतलं."

डबा उघडताच करपट वास आला. मी चिडलेच. "काका, विंडोजचा काय संबंध? याला वीज पुरवणारा सप्लायच निकामी होत चाललाय. नुसता सुरू असला की ठीक, काम वाढलं की मान टाकतो. इतके दिवस ओळखायला नको?"

"चुकलंच." काका अजून धापा टाकत होते. "जरा पाणी दे. अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायचीय. बसून असलो की काही नाही, जिना चढला की जळजळतं."

माझा स्क्रूड्रायव्हर हातातच थांबला. मी रिक्षा बोलावली.

"अगं, हा दुरुस्त कर ना आधी!"

"तो थांबेल, काका. हार्टच्या डॉक्टरांकडे चला."